करार चालूच होता

ब्रिटनमध्ये मोबाइलचं बिल एप्रिलात वाढतं. दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर इथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय डिसेंबरच्या महागाईचा आकडा जाहीर करतं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच कंपन्यांच्या करारांत एक ठरलेलं वाक्य असायचं: डिसेंबरची महागाई, अधिक ३.९ टक्के, एवढी वाढ दर एप्रिलला लागू होईल. महागाई कमी होती तोवर त्या वाक्याकडे कोणी फारसं पाहत नव्हतं. मग युक्रेनचं युद्ध झालं, गॅस आणि विजेचे दर भडकले, आणि डिसेंबर २०२२ चा आकडा आला १०.५ टक्के. त्यात ३.९ मिळवले की १४.४. एका कंपनीचं सूत्र आरपीआय या जुन्या निर्देशांकाला बांधलेलं होतं. तिच्या ग्राहकांच्या कॉल आणि डेटाच्या भागावर तर १७.३ टक्के वाढ आली.

माझं बिल ३२ पौंडांचं होतं, ते ३६ पौंड ६१ पेन्स होणार असं पत्र आलं. करार २४ महिन्यांचा, फोन आणि सिम दोन्ही त्यातच. म्हणजे वाढ नुसत्या कॉल आणि डेटावर नव्हती, माझ्या हातात आधीच आलेल्या फोनच्या किमतीवरही होती. जो फोन कारखान्यातून कधीच बाहेर पडला, त्याची किंमत या वर्षीच्या महागाईनं कशी वाढते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही तो रास्त वाटतो. माझा राग खोटा नव्हता. त्या रागातून मी जे केलं ते चुकलं, आणि त्याची झळ माझ्यापेक्षा दुसऱ्या एका घराला जास्त लागली. म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं रेडिंगमध्ये आहे. इथे येईपर्यंत माझा मोबाइलचा सगळा व्यवहार प्रीपेडचा. भारतात बहुतेकांचा तसाच असतो. रिचार्ज मारला तर फोन चालतो, नाही मारला तर बंद पडतो, आणि बंद पडलेल्या सिमसाठी कोणी आपल्या दारात येत नाही. कंपनी आवडली नाही तर १९०० वर मेसेज पाठवायचा, कोड घ्यायचा आणि नंबर तोच ठेवून दुसरीकडे जायचं. २०११ च्या जानेवारीत ही सोय देशभर आली तेव्हा मी स्वतः तसा गेलो होतो. पैसे आधी दिलेले असतात, त्यामुळे देणं उरतच नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली होती की इथे दोन वर्षांच्या करारावर सही केल्यावरही माझ्या मनात मी प्रीपेडच वापरत होतो. दर महिन्याला डायरेक्ट डेबिटनं, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, पैसे जायचे, ते मला रिचार्जसारखेच वाटायचे.

वाढीचं पत्र आलं त्या आठवड्यात ऑफिसात सगळीकडे हाच विषय होता. जेवताना एक सहकारी म्हणाला, ‘करार चालू असताना त्यांनी दर वाढवला, तर तीस दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं. नियम आहे.’ नियम खरोखर आहे. ऑफकॉम ही इथली दूरसंचार नियामक संस्था. कंपनीनं ग्राहकाच्या तोट्याचा बदल करारात केला, तर महिनाभर आधी कळवायचं आणि ग्राहकाला दंडाविना सोडून जाऊ द्यायचं, असं तिच्या अटींत आहे. पण त्या सहकाऱ्यानं अर्धंच सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं मी शोधलं नाही. जी वाढ करारातच लिहिलेली आहे, तो करारातला बदल ठरत नाही. जानेवारी २०१४ पासूनच्या करारांसाठी ऑफकॉमनं सांगितलं होतं की, न ठरलेली दरवाढ केली तर ग्राहक मोकळा. त्यानंतर कंपन्यांनी वाढीचं सूत्रच करारात घालायला सुरुवात केली. सूत्र आधी सांगितलेलं, सही तुमची, मग आता तक्रार कसली? महागाई १०.५ होईल हे सही करताना मला कळणं शक्यच नव्हतं, हे खरं. पण सूत्र माझ्या करारात होतं, दुसऱ्या पानावर, फार बारीक अक्षरांतही नाही. मी ते पुढे कधीतरी, सगळं होऊन गेल्यावर वाचलं.

कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिनं शांतपणे सांगितलं की तुमची वाढ करारातल्या अटीप्रमाणे आहे, त्यामुळे दंडाविना जाता येणार नाही, मुदतीआधी सोडायचं असेल तर चारशे पौंडांच्या वर भरावे लागतील. तिनं सांगितलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मी मात्र तिलाच कायदा शिकवू लागलो. तुम्ही ग्राहकांना लुबाडता म्हणालो, आवाज चढवला. दिवसभर अशी किती माणसं तिच्यावर ओरडत असतील, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. फोन ठेवल्यावर मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये गेलो आणि डायरेक्ट डेबिट रद्द केलं.

त्याला क्षणभरही लागत नाही. आपल्या खात्यावरचं डायरेक्ट डेबिट थांबवणं हा आपला हक्क, बँक कारण विचारत नाही. अ‍ॅपनं एक ओळ दाखवली होती: देणं असेल तर संबंधित कंपनीशी बोला. ती ओळ वाचून मी पुढे गेलो. मनात हिशोब सरळ होता. पैसे थांबले की सेवा थांबेल, सेवा थांबली की संबंध संपला. दुसऱ्या कंपनीचं महिन्याच्या बोलीचं स्वस्त सिम घेतलं, जुनं सिम काढून टेबलाच्या खणात टाकलं. फोन त्या कंपनीपुरता लॉक केलेला नव्हता. तसे लॉक केलेले फोन विकायला इथे डिसेंबर २०२१ पासून बंदीच आहे. नवं सिम घातल्याबरोबर चालू झालं. काही बिघडलं आहे असं जाणवण्याची एकही जागा उरली नाही.

जुना नंबरही मी सोडून दिला. खरं तर इथे नंबर नेणं भारतापेक्षाही सोपं आहे. जुलै २०१९ पासून ६५०७५ वर ‘पॅक’ (PAC) एवढी तीन इंग्रजी अक्षरं पाठवली की मिनिटभरात कोड येतो, तो तीस दिवस चालतो. मुदतीआधी सोडल्यास किती भरावं लागेल तेही त्याच उत्तरात लिहिलेलं असतं. कोड नको असेल, नुसती रक्कम जाणून घ्यायची असेल, तर ८५०७५ वर ‘इन्फो’ पाठवायचं. तो मेसेज फुकट आहे. तो पाठवला असता तर माझा करार अजून जिवंत आहे, त्याला एक किंमत आहे, हे मला त्या मुलीशी न भांडताही समजलं असतं. दवाखान्याचे, शाळेचे, बँकेचे सगळे मेसेज जुन्याच नंबरावर जात राहिले. हॉस्पिटलची एक तपासणी मी तशी चुकवली, ती मिळायला पुन्हा बरेच महिने गेले.

आणि कंपनीची स्मरणपत्रंही त्याच नंबरावर जात होती, खणातल्या सिमवर. ईमेल जात होते एका जुन्या खात्यावर, जे मी उघडत नव्हतो. कागदी पत्रं जुन्या पत्त्यावर, कारण त्याच सुमारास आम्ही घर बदललं आणि कंपनीला कळवायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. ज्यांच्याशी संबंध संपला त्यांना नवा पत्ता कशाला द्यायचा? करार मात्र चालूच होता. दर महिन्याला बिल तयार होत होतं, थकत होतं, आणि थकल्याची नोंद लोकांची पत नोंदवणाऱ्या तीन कंपन्यांकडे होत होती: एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन.

या नोंदी काय असतात, ते भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला कळायला वेळ लागतो. तिथे सिबिल असतं, पण ते कर्ज काढायच्या वेळी आठवतं. इथे आलेल्या नव्या माणसाची फाइल कोरी असते. भारतात तुम्ही गृहकर्ज फेडलेलं असो की कधी एक हप्ता चुकवलेला नसो, त्यातलं इथे काहीच येत नाही. त्या कोऱ्या फाइलवर पहिली ओळ बहुधा मोबाइलच्या कराराची पडते. कारण फोनचा करार म्हणजे उधारी आहे, गावाकडच्या दुकानदाराच्या वहीसारखी, फक्त ही वही शहरातला प्रत्येक दुकानदार उघडून पाहू शकतो. थकबाकीची नोंद, आणि खातं बुडीत धरलं गेलं तर तीही नोंद, सहा वर्षं राहते. (ही फाइल नीट ठेवण्याचा एक साधा मार्ग आपल्या लोकांना ठाऊक नसतो. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीयांना इथे मतदार यादीत नाव नोंदवता येतं. त्यानं मतदानाचा हक्क तर मिळतोच, पत्त्याची खात्री पटल्यामुळे फाइललाही बळ येतं.)

इथवरची चूक माझी, तिचं नुकसानही माझं. पण डायरेक्ट डेबिट बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांब मेसेज लिहिला होता. गणपती, दिवाळी, फराळाच्या ऑर्डरी, सामान विकणं-घेणं, व्हिसाच्या शंका, सगळं त्या ग्रुपवर चालतं. नव्यानं आलेली माणसं तिथे विश्वासानं विचारतात आणि आम्ही जुनी माणसं उत्तरं देतो. मी लिहिलं की दरवाढ झाली म्हणजे करार मोडण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे, कंपनीशी वाद घालत बसू नका, सरळ डायरेक्ट डेबिट बंद करा आणि दुसरं सिम घ्या, मी तेच केलं. खाली पुष्कळ अंगठे आले. दोघा-तिघांनी ‘दादा, फार उपयोगी माहिती’ असं लिहिलं.

त्यांतली एक सांगलीची नर्स होती. काही महिन्यांपूर्वीच इथल्या रुग्णालयात रुजू झालेली, तिघींबरोबर एका घरात खोली घेऊन राहणारी. नवरा आणि लहान मुलगी सांगलीत. तिचं सिम महिन्याच्या बोलीचं होतं, १२ पौंडांचं, वाढून १३ पौंड ७३ पेन्स होणार होतं. तिला कुठला दंड नव्हताच. महिन्याच्या बोलीचं सिम कधीही सोडता येतं. एक ‘पॅक’चा मेसेज, कोड नव्या कंपनीला द्यायचा, दुसऱ्या दिवशी काम झालं असतं, नंबरही राहिला असता. तिनं माझा मेसेज वाचला आणि जे करायची तिला गरजच नव्हती ते केलं. महिन्याचे पावणेदोन पौंड वाचवायला.

माझं पितळ उघडं पडलं ते २०२४ च्या सुरुवातीला, घरासाठी कर्ज घ्यायला गेलो तेव्हा. कर्जाच्या सल्लागारानं माझी फाइल समोर ठेवली. एकाच खात्यापुढे थकबाकीच्या खुणांची रांग, आणि शेवटी बुडीत खातं. घरात पत्नीशी बोलताना मला शब्द सापडेनात. आम्ही घराच्या पहिल्या रकमेसाठी काही वर्षं पैसे साठवले होते, घर पाहूनही ठेवलं होतं. ते गेलं. सल्लागार म्हणाला की पैसे लगेच भरून टाका, नोंद पुसली जाणार नाही, पण भरल्याचा शेरा तरी येईल. भरले. त्या रात्री पहिल्यांदा मी तो हिशोब मांडला, जो वाढीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मांडायला हवा होता. करार संपायला १४ महिने होते. गप्प बसून सगळी वाढ दिली असती, मधला पुढचा एप्रिलही धरला असता, तरी जादा गेले असते ७० पौंडांच्या आसपास.

मी कंपनीकडे लेखी तक्रारही केली, की तुमची पत्रं मला मिळालीच नाहीत. तेव्हा इथे तक्रार करून आठ आठवडे झाले, किंवा कंपनीनं आधीच अंतिम उत्तर दिलं, तर स्वतंत्र लोकपालाकडे जाता येत असे. कंपनीनं अंतिम उत्तर दिलं. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर, ईमेलवर आणि नंबरवर आम्ही वेळोवेळी कळवलं आहे, म्हणून तारखांची यादी जोडली होती. वाट लोकपालापर्यंत मोकळी होती. मी गेलो नाही. त्या यादीपुढे ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती. फाइल पाहिली त्याच दिवशी मला ग्रुपवरचा माझा मेसेज आठवला होता. तो चुकीचा होता हे त्या क्षणी कळलं होतं. लगेच लिहायला हवं होतं की मी चुकीचं सांगितलं, ज्यांनी माझं ऐकलं त्यांनी आधी आपली फाइल तपासा. मी लिहिलं नाही. आपलं कर्ज नाकारलं गेलं हे चारचौघांत सांगावं लागेल म्हणून. आधी माझं निस्तरू, मग सावकाश सांगू, अशी स्वतःची समजूत घालत मी कित्येक आठवडे गप्प राहिलो. गणेशमंडळाच्या बैठकीला गेलो, तिथेही विषय काढला नाही.

त्याच आठवड्यांत ती नर्स घर शोधत होती. नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा झाला होता, शाळेच्या जवळ दोन खोल्यांचा फ्लॅट तिला पसंत पडला होता. इथे घर धरून ठेवायला एजंटाला आगाऊ रक्कम देतात. २०१९ च्या कायद्यानं ती एका आठवड्याच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, आणि भाडेकरूनं चुकीची माहिती दिली नसेल तर बहुतेक वेळा ती परतही मिळते किंवा भाड्यात वळती होते. अर्जात प्रश्न होता: तुमच्या नावावर थकीत देणी किंवा बुडीत खातं आहे का? तिनं ‘नाही’ लिहिलं. तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. एजंटानं फाइल तपासली, त्यात पन्नास पौंडांच्या आतलं एक बुडीत खातं निघालं. माहिती चुकीची म्हणून आगाऊ रक्कम गेली, फ्लॅटही गेला.

तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. ‘दादा, तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ना, ते डायरेक्ट डेबिटचं. त्याचंच आहे का हो हे?’ एवढंच तिनं विचारलं. तिला अजूनही वाटत होतं की मी काहीतरी उपाय सांगेन. ‘हो, त्याचंच आहे. मी चुकीचं सांगितलं होतं, आणि मला ते काही आठवड्यांपूर्वी कळलं होतं,’ असं मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘कळल्यावर तरी सांगायचं होतं, दादा.’

दुसऱ्या फ्लॅटच्या एजंटानं तिला दोन पर्याय दिले. एक तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, नाहीतर जामीन द्या. जामीन राहणाऱ्याचं उत्पन्न पुरेसं हवं आणि त्याची स्वतःची फाइल स्वच्छ हवी. माझा पगार पुरेसा होता. मी जामीन राहू शकलो असतो, राहणं माझं कर्तव्यच होतं, आणि तेवढंच मला करता येईना, कारण माझ्या फाइलवर तेच लिहिलेलं होतं जे तिच्या. ग्रुपवरच्या आणखी कुणाला विचारू का, असं मी म्हणालो. तिनं नको म्हटलं. सांगलीत तिच्या नवऱ्यानं सोनं तारण ठेवून पैसे उभे केले. थोडी रक्कम मी दिली. ती माझ्या चुकीची भरपाई म्हणून घ्यावी असं मी परोपरीनं सांगितलं. तिनं ती उसनी म्हणून लिहून घेतली आणि वर्षभरात फेडून टाकली. मुलगी आली ती ठरल्यापेक्षा उशिरा, शाळेचं सत्र सुरू होऊन गेल्यावर.

त्या फोनच्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. माझ्या कर्जाचं, फाइलचं, गप्प राहिल्याचं. तिचं नाव घेतलं नाही, पण कुणाचं तरी घर माझ्यामुळे हुकलं हे लिहिलं. आणखी एका कुटुंबानं माझं ऐकून तेच केलं होतं, असं मग समजलं. त्यांचं खातं अजून बुडीत धरलं गेलं नव्हतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे भरले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला स्वतंत्र फोन करून खडसावलं. इतक्या लोकांना सल्ला देताना स्वतःचा करार वाचायला किती वेळ लागला असता, असं त्यांनी विचारलं. मी फोन चालू ठेवूनच करार काढून वाचला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

नर्सच्या आणि माझ्या, दोघांच्याही फाइलवरून नोंद काढता येते का, याच्यामागे आम्ही बरेच दिवस होतो. येत नाही. नोंद चुकीची असेल तर दुरुस्त होते, खरी असेल तर कंपनी ती काढायला बांधील नाही. तुम्हाला फार तर एक निवेदन जोडता येतं, दोनशे शब्दांपर्यंतचं, की हे असं का झालं. पुढे अर्ज तपासणाऱ्यानं ते वाचावं अशी अपेक्षा असते. तिचं निवेदन आम्ही तिच्या नव्या घरात, तिच्या टेबलाशी बसून लिहिलं. एका ओळखीच्या माणसाच्या चुकीच्या माहितीवरून मी पैसे देणं थांबवलं, असं एक वाक्य त्यात आहे. ‘ओळखीच्या’च्या जागी ‘विश्वासाच्या’ लिही, असं मी सुचवलं. तिनं विचार केला आणि ‘ओळखीच्या’ तसंच ठेवलं.

नियम आता बदलले आहेत. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत महागाईला बांधलेली वाढ घालता येत नाही. वाढ करायची तर किती पौंड, किती पेन्स आणि केव्हापासून, हे सही करतानाच स्पष्ट सांगावं लागतं. हा बदल चांगला आहे, सही करणाऱ्याला आकडा तरी दिसतो. पण वाढ थांबलेली नाही, आणि ठरावीक रक्कम स्वस्त सिमवाल्यालाच जास्त चिमटा काढते. ३० पौंडांच्या बिलावर १ पौंड ८० पेन्स म्हणजे ६ टक्के, १० पौंडांच्या बिलावर १८ टक्के. नुकतं आलेलं माणूस, विद्यार्थी, पाळीपाळीनं काम करणारी नर्स, यांचीच बिलं १० पौंडांची असतात. ऑफकॉमनं यावरही बोट ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एका मोठ्या कंपनीनं आपल्या ग्राहकांना १ पौंड ८० पेन्सची वाढ सांगून ठेवली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिनं ती वाढ पुढच्या एप्रिलपासून २ पौंड ५० पेन्स करणार असल्याचं कळवलं. सरकारनं आणि ऑफकॉमनं जाहीर नाराजी दाखवली. ग्रुपवर पुन्हा तोच प्रश्न आला: सोडता येईल का? या वेळी उत्तर ‘हो’ होतं, कारण करारात एक आकडा होता आणि पत्रात दुसरा. उत्तर लिहायला मी दिवसभर घेतला. आधी दोघांना त्यांचे करार पाठवायला सांगितले, दोन्ही वाचले, मग लिहिलं. एकाचा करार दुसऱ्या कंपनीचा निघाला, त्याची वाढ सांगितली होती तेवढीच होती. त्याला हक्क नव्हता, तो तिथेच राहिला. दुसऱ्याला हक्क होता, पण त्याच्या फोनचे हप्ते वेगळ्या करारात होते आणि सिम सोडलं तरी ते भरावेच लागणार होते. ते त्याला आधी सांगितलं. डायरेक्ट डेबिटला हात लावू नका, दंड लागणार नाही असं लेखी येईपर्यंत कोड वापरू नका, पत्राच्या तारखेपासून तीस दिवस मोजा, असंही बजावलं. त्यानं कंपनीला लिहिलं, उत्तर आलं, ते त्यानं जपून ठेवलं आणि मगच नंबर हलवला. फोनचे हप्ते तो अजून भरतो आहे. शेवटचं बिल शून्य झाल्याचा ईमेल त्यानं मला पाठवला, मी तो नर्सलाही पाठवला. आमच्या दोघांच्या नोंदी २०२९ मध्ये निघतील. तोवर ग्रुपवर मोबाइलबद्दल कुणी विचारलं की ती माझ्याआधी लिहिते, करार काढून वाचा, आणि खाली ८५०७५ हा नंबर देते.